ट्रंपेट खाली ठेवल्यावर

पियानोवाल्याची बोटं थकली की तो लय जरा उतरवतो आणि श्रोते माना डोलवत म्हणतात, काय ठहराव आलाय! सतारियाला, तबलजीला, व्हायोलिनवाल्यालाही थोड्याफार फरकाने ही सवलत मिळते. ट्रंपेटवाल्याला ती नाही. त्या वाद्याला कळा तीनच. त्या दाबण्याच्या तऱ्हा होऊन होऊन सात-आठ, आणि सूर काढायचे अडीच सप्तकांचे. म्हणजे एकच कळ दाबून धरायची आणि तिच्यातून चार-पाच निरनिराळे सूर काढायचे. त्यातला कुठला निघणार हे ओठ ठरवतात. ओठ किती आवळायचे, किती सैल सोडायचे, फुंक किती रेटायची, यावर सगळा कारभार. हे ओठ पितळी माउथपीसच्या गोल कडेवर दाबलेले असतात आणि त्यांना मागून टेकू असतो तो समोरच्या दातांचा. तेव्हा हे वाद्य हातात धरलेलं दिसत असलं तरी वाजतं तोंडात. वय झालं की तोंडच आधी म्हातारं होतं.

तोमाश स्तान्को या पोलिश ट्रंपेटवादकाचे दात 1990 च्या दशकात गेले. तोवर त्याच्या नावावर तीस वर्षांचं वादन होतं, युरोपभर लौकिक होता, आणि दारू, सिगारेट, अमली पदार्थ यांच्याशी जुनी दोस्तीही होती. 2010 साली आलेल्या ‘देस्पेरादो’ या मुलाखतवजा आत्मकथनात त्याने ती दोस्ती आडपडदा न ठेवता सांगितली आहे. आता कवळी बसवून, नव्या तोंडाने, तेच वाद्य पुन्हा शिकायचं होतं. जॅझच्या इतिहासात याला आधीचा दाखला आहे. अमेरिकेच्या चेट बेकरला 1966 साली मारहाण झाली, त्यात त्याचे दात गेले, आणि कवळी लावून मैफलीत परतायला त्याला बरीच वर्षं लागली. स्तान्कोने एक चांगला दंतवैद्य गाठला आणि रोज तासन् तास लांब सूर धरायला सुरुवात केली. एक सूर घ्यायचा, श्वास पुरेल तोवर तो ढळू द्यायचा नाही, मग पुढचा. चाल नाही, ताल नाही, कुणी ऐकावं असं काही नाही. स्वतः स्तान्को या रियाजाला कंटाळवाणा म्हणायचा.

पहाटे उठून खर्ज भरणाऱ्या घरात जो वाढला आहे त्याला हा कंटाळा ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की खर्जाची मेहनत आपण कोवळ्या वयात करतो, गळा तयार व्हायचा असतो तेव्हा. स्तान्को ती करत होता नाव झाल्यावर. आपल्याकडे गायिका गंगूबाई हनगलांचा गळा तरुणपणीच्या उपचारांनंतर बदलला, बायकी पट्टीतून उतरून भारदस्त, जवळजवळ पुरुषी झाला, आणि तोच आवाज पुढे त्यांची ओळख ठरला. शरीराने काही काढून घेतलं की कलावंत एक तर गेलेल्याची नक्कल करत राहतो किंवा उरलेल्यातून नवीन सूर बांधतो. स्तान्कोच्या उत्तर आयुष्यातल्या ध्वनिमुद्रिका ऐकताना सुराच्या आधी हवा ऐकू येते. एक घोगरा, किंचित फाटलेला आवाज खालून वर सरकत येतो, स्वरस्थानावर नेमका टेकत नाही, आणि मध्येच वरच्या पट्टीत एक किंकाळी. हे सगळं दातांनी केलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या सुरात खडबडीतपणा तरुणपणापासून होता. पण नव्या तोंडाशी तह करताना त्याने तो लपवायचं सोडून दिलं, असं मला वाटतं.

आणि याच दशकात त्याने तीन पोरांना बरोबर घेतलं.

पोरं म्हणजे खरोखरच पोरं. बाल्टिक समुद्राजवळच्या कोशालिन नावाच्या गावात संगीताच्या शाळेत शिकणारे दोन वर्गमित्र, पियानोवर मार्चिन वाशिलेव्स्की आणि बासवर स्वावोमिर कुर्केविच, दोघंही 1975 चे. त्यांना ड्रमवर येऊन मिळाला 1977 साली जन्मलेला मिहाऊ मिश्केविच. त्याचे वडील हेन्रिक मिश्केविच हे पोलंडमधले नावाजलेले सॅक्सोफोनवादक. तिघांनी मिळून ‘सिंपल अकूस्टिक ट्रिओ’ नावाचा संच केला होता. स्तान्कोने त्यांना घेतलं ते 1993-94 च्या सुमारास. तेव्हा तो एक्कावन्न-बावन्न वर्षांचा, ती मुलं सोळा ते एकोणीसची.

अशी गोष्ट ऐकली की आपण लगेच गुरूच्या औदार्याकडे वळतो: बुजुर्गाने होतकरूंना पंखाखाली घेतलं वगैरे. युरोपातल्या जॅझ-लेखनातही हा सूर भरपूर. मला ते पटत नाही. स्तान्को काही अनाथाश्रम काढायला निघाला नव्हता. त्याला ती मुलं हवी होती. का हवी होती, याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

स्तान्को 11 जुलै 1942 चा, जर्मन ताब्यातल्या झेशूफ गावचा. वडील पेशाने कायद्यातले, हौसेने व्हायोलिन वाजवणारे. त्याच्या शाळकरी वयात पोलंडमध्ये स्टालिनचा काळ होता, आणि जॅझ म्हणजे अमेरिकी भांडवलशाहीची घाण असं सरकारी मत. तेव्हा जे वाजवत ते घरांतून, तळघरांतून. पोलिश लोक त्या काळाला ‘कॅटाकोम’चा काळ म्हणतात, म्हणजे रोमन राजवटीत ख्रिस्ती लोक भुयारात जमत तसा. 1956 साली वारं फिरलं. सोपोतला पहिला जॅझ महोत्सव उघड्यावर भरला, 1958 पासून वॉर्सामध्ये ‘जॅझ जंबोरी’ सुरू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकचा चमू अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या खर्चाने पोलंडभर फिरला. श्रोत्यांमध्ये सोळाही पुरे न झालेला स्तान्को होता. पुढे आयुष्यभर तो सांगत राहिला की आमच्यासाठी जॅझ म्हणजे स्वातंत्र्य होतं. जाता जाता: ब्रूबेकचा तोच दौरा पुढे तुर्कस्तानमार्गे हिंदुस्थानात आला आणि मुंबई, कलकत्ता, मद्रासला वाजवून गेला. त्या प्रवासावर त्याने जी ध्वनिमुद्रिका काढली तिच्यात पोलंडचे आभार मानणारी एक रचना आहे आणि कलकत्त्यावरही एक आहे. वॉर्सातल्या आणि मुंबईतल्या पोरांनी एकाच वर्षी तोच माणूस ऐकला. 

1963 साली स्तान्कोला जॅझ पियानोवादक क्शिश्तॉफ कोमेदाने बोलावलं. कोमेदा शिक्षणाने नाक-कान-घशाचा डॉक्टर. आडनाव खरं तर त्शिंस्की. इस्पितळातल्या सहकाऱ्यांना आपण जॅझ वाजवतो हे कळू नये म्हणून ‘कोमेदा’ हे टोपणनाव घेतलेलं. दिग्दर्शक पोलान्स्कीच्या ‘नाइफ इन द वॉटर’चं आणि पुढे हॉलिवुडमधल्या ‘रोझमेरीज बेबी’चं संगीत त्याचं. स्तान्को त्याच्याकडे गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता आणि कोमेदा बत्तीसचा. डिसेंबर 1965 मध्ये त्यांनी ‘अस्टिग्मॅटिक’ ही ध्वनिमुद्रिका केली. युरोपाने अमेरिकेची उसनवारी सोडून आपल्या सुरात जॅझ वाजवला, त्याचं उदाहरण म्हणून आजही तिचंच नाव निघतं. कोमेदा अबोल म्हणून प्रसिद्ध. कागदावर चार ओळी लिहायचा, वादकांच्या हाती द्यायचा, आणि काय करायचं ते बहुधा सांगायचा नाही. मोजक्या सुरांच्या, सरळ दिसणाऱ्या पण हाताळायला अवघड अशा त्या चाली. 1968 च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये त्याला अपघात झाला, डोक्याला इजा झाली, आणि एप्रिल 1969 मध्ये वॉर्सात तो गेला. अडतीस पूर्ण व्हायला चार दिवस कमी. स्तान्कोच्या स्वतःच्या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका 1970 साली आली, तिचं नाव ‘म्यूझिक फॉर के’.

म्हणजे स्तान्को शिकला तो न बोलणाऱ्या माणसाकडून, आणि ते शिक्षण अर्ध्यावर तुटलं. ती तीन पोरं त्याच्याकडे आली तेव्हा आणखी एक योग जुळला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका 1995 ची, आणि ती कोमेदाच्या रचनांची. कोमेदा जाऊन सहा-आठ वर्षांनी जन्मलेली ही मुलं कोमेदा वाजवत होती, केवळ ऐकून आणि कागद वाचून. त्यांच्या शेजारी उभा होता तो त्या चाली पहिल्यांदा वाजल्या तेव्हा तिथे असलेला माणूस. अशा वेळी आपला बुजुर्ग काय करील? ‘कोमेदासाहेब हे असं नव्हते वाजवत’ म्हणून कानाला हात लावील आणि चाल दुरुस्त करून देईल. स्तान्कोकडे तो हक्क होता. पण चालीची अस्सल प्रत आपल्याकडे आहे असं त्याने मानलं नाही. जी चाल त्याने स्वतः पन्नासदा वेगवेगळी वाजवली होती, तिची अस्सल प्रत कुठली?

इथे एक गोष्ट मात्र लपवता कामा नये, कारण तिच्यामुळे हे चित्र कमी गोड आणि जास्त खरं होतं. स्तान्को या मुलांबरोबर पोलंडमध्ये आणि बाहेर वर्षानुवर्षं वाजवत होता, पण म्यूनिकच्या ईसीएम या प्रतिष्ठित कंपनीसाठी ध्वनिमुद्रण करायची वेळ आली की दुसऱ्याच लोकांना घेऊन जात होता. ‘मत्का योआन्ना’, ‘लिओसिया’, कोमेदाच्या रचनांची ‘लितानिया’, सगळ्यांवर बॉबो स्टेन्सनसारखे स्वीडनचे पोक्त वादक आणि ड्रमवर इंग्लंडचा टोनी ऑक्सली किंवा नॉर्वेचा यून क्रिस्टेन्सन. ‘लितानिया’ 1997 ची. कोमेदाचीच ध्वनिमुद्रिका, आणि कोमेदा वाजवणारी पोरं घरी! वाशिलेव्स्कीला तेव्हा काय वाटलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. चौघांचं ईसीएमसाठीचं पहिलं ध्वनिमुद्रण ऑस्लोमध्ये झालं ते ऑगस्ट 2001 मध्ये. सात-आठ वर्षं गेली मध्ये. कुणी याला कच्ची फळं न तोडण्याचा शहाणपणा म्हणेल, कुणी व्यवहार. मला यात दोन्ही दिसतं. पण त्या विलंबातून जे निघालं ते ऐकल्यावर भांडण्याची इच्छा राहत नाही.

‘सोल ऑफ थिंग्ज’ ही ती ध्वनिमुद्रिका, 2002 साली आलेली. तिच्यावरच्या तेरा रचनांना नावं नाहीत, नुसते आकडे: पहिलं रूपांतर, दुसरं रूपांतर, असे तेरा. कशाचं रूपांतर, मूळ चाल कुठली, हे कुठेच सांगितलेलं नाही. ख्याल ऐकणाऱ्याला ही कल्पना परकी वाटू नये. रागाची मूळ प्रत कुणी कधी ऐकली आहे? ऐकायला मिळतो तो प्रत्येक वेळी विस्तारच. या तेरा तुकड्यांत स्तान्को फार थोडं वाजवतो. एक वाक्य म्हणतो, अर्धवट सोडतो, ट्रंपेट खाली करतो. मग मिनिटामागून मिनिटं ते तिघंच असतात. मिश्केविच ठेका वाजवत नाही म्हटलं तरी चालेल. झांजेवर काठी घासत, टेकवत तो लय आहे एवढं फक्त जाणवून देतो. कुर्केविच बासवर एक सूर देतो आणि दुसरा देण्याआधी इतका थांबतो की आता येतच नाही बहुतेक, असं वाटावं. वाशिलेव्स्कीचा पियानो स्तान्कोने सोडलेलं वाक्य पुरं करत नाही, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. त्याच्या जागी दुसरा कुणी हुशार मुलगा असता तर त्याने बुजुर्गाच्या वाक्याला लगेच उत्तर दिलं असतं, जुगलबंदी केली असती, टाळ्या घेतल्या असत्या. वाशिलेव्स्की दुसरंच काही बोलू लागतो. बऱ्याच वेळाने स्तान्को परत येतो तेव्हा जागा बदललेली असते, आणि त्याला त्या नव्या जागेतून वाट काढावी लागते. त्याची ती क्षणभराची अडखळण ऐकू येते. पहिला सूर हवेतच राहतो, मग धरला जातो.

या ऐकण्याला वजन येतं ते हा माणूस एकदा पूर्ण एकटा वाजवून आला आहे म्हणून. 1980 साली स्तान्को हिंदुस्थानात आला आणि ताजमहालात आणि लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात त्याने एकल ट्रंपेटचं ध्वनिमुद्रण केलं. त्याच नावाची ती ध्वनिमुद्रिका फिनलंडच्या लिओ रेकॉर्ड्सने काढली. ताजच्या घुमटात एकट्याने वाजवायची कल्पना त्याची नव्हे. अमेरिकी बासरीवादक पॉल हॉर्न 1968 मध्येच तिथे वाजवून गेला होता. पण कार्ल्याला जायचं एखाद्या पोलिश माणसाला सुचावं, हे विशेष. आपल्यातले बहुतेक जण तिथे एकवीरा आईच्या दर्शनाला जातात, कोळ्या-आगऱ्यांच्या पालख्या बघतात, आणि आलोच आहोत तर म्हणून लेण्यात डोकावतात. चैत्यगृह सुमारे 45 मीटर लांब, 14 मीटर उंच, कड्यात कोरून काढलेलं. वर छताला लाकडी फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आणि त्या अजून तिथेच आहेत. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीकही आहेत. परदेशी माणसाने सह्याद्रीत येऊन आपली खूण सोडून जाण्याची रीत तिथे जुनी आहे, म्हणायची.

त्या दगडात ट्रंपेट कसं वाजतं? सूर सोडला की तो लांब जातो, स्तूपाच्या बाजूने वळतो, खांबांमागच्या वाटांतून फिरून आपल्याकडे येतो, थोडा मऊ होऊन. वादक थांबतो, येऊ देतो, मग पुढचा सूर त्याच्यावर ठेवतो. एकट्या वाद्याला साथ मिळते आणि ती कधी चुकत नाही. पण दगड देतो ते आपलंच. आपण जे सोडलं तेच तो परत करतो, जरा उशिरा आणि जरा सुंदर करून. अशी साथ माणसाला सवयीची झाली तर घातच. मोठ्या नावाच्या कलावंताभोवती उतारवयात जी माणसं जमतात ती पुष्कळदा या दगडाचं काम करतात. बुवांनी जागा घेतली की मागून तीच जागा, बुवांनी वाहवा मागितली की समोरून वाहवा. स्तान्को पन्नाशीत तशी माणसं सहज जमवू शकला असता. पोलंडमध्ये त्याच्या नावाला तेवढं वजन होतं. त्याने घेतली ती कार्ल्याच्या उलट वागणारी पोरं. आपण दिलेलं परत न करणारी, आणि आपण न दिलेलं पुढ्यात टाकणारी.

याची तुलना आपल्याकडच्या मागे बसून साथ करणाऱ्या शिष्याशी केल्यावाचून राहवत नाही. ती पद्धत थोर आहे, तिच्यामुळेच गाणं टिकलं, हे मान्य करूनही तिने खाल्लेली माणसं मोजायला हवीत. गंगूबाईंच्या मागे त्यांची मुलगी कृष्णा आयुष्यभर गायली. आवाज पक्का, तयारी आईच्या तोडीची म्हणावी अशी. पण श्रोत्यांच्या लेखी त्या गंगूबाईंच्या मागचा आवाजच राहिल्या, आणि 2004 साली आईच्या आधी गेल्या. यात दोष गंगूबाईंचा नव्हे, बसण्याच्या जागेचा आहे. जॅझच्या चौकडीत तशी मागची जागाच नसते. मंचावर चौघं एका रांगेत. मात्र जागा दिली म्हणून ती भरली जातेच असं नाही. पुढाऱ्याला गप्प बसता आलं पाहिजे, तेही स्वतःच्या नावावर तिकिटं विकली गेली असताना. लोक आले ते स्तान्कोला ऐकायला. आणि स्तान्को बाजूला उभा राहून वाशिलेव्स्कीला ऐकतो आहे. ते बघायलाही लोक पुन्हा पुन्हा येत. पोलिश जॅझच्या इतिहासात असा संच झालेला नाही, या मुलांचं मला रोज आश्चर्य वाटतं, असं तो जाहीरपणे सांगत असे.

परदेशी दौऱ्यांत या दोन पिढ्यांच्या पाठीवर सारखं ओझं नव्हतं. स्तान्कोच्या तरुणपणी पोलिश माणसाचा पासपोर्ट घरच्या कपाटात नसायचा. तो सरकारी कचेरीत असायचा. प्रवासापुरता मागून घ्यायचा, आल्यावर परत द्यायचा. परदेशातली मैफल म्हणजे कुणीतरी दिलेली परवानगी. वाशिलेव्स्की आणि कुर्केविच चौदा वर्षांचे असताना, 1989 मध्ये, ती राजवटच गेली. 1 मे 2004 रोजी पोलंड युरोपीय संघात आला. त्यानंतर चारच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, ही चौकडी म्यूनिकच्या मुफ्फाटहाले या सभागृहात वाजवत होती. सीमेवर मुलांनी नुसतं ओळखपत्र दाखवलं असेल. म्हाताऱ्याच्या मनात काय आलं असेल, याची कल्पना करता येते, पण ती त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

‘सस्पेंडेड नाइट’ 2004 मध्ये, ‘लोन्तानो’ 2006 मध्ये. मग ही चौकडी विरत गेली. भांडण वगैरे काही नाही. स्तान्कोने ‘डार्क आइज’साठी फिनलंड-डेन्मार्कचे नवे तरुण घेतले, मग न्यूयॉर्कमध्ये घर केलं आणि तिथे क्यूबाचा पियानोवादक डेव्हिड विरेयेस, बासवर थॉमस मॉर्गन आणि ड्रमवर जेराल्ड क्लीव्हर यांच्याबरोबर सत्तरीत आणखी एक संच उभा केला. त्यांची 2013 ची ध्वनिमुद्रिका ‘विस्लावा’ ही कवयित्री विस्लावा शिंबोर्स्काच्या नावाने आहे. शिंबोर्स्का आदल्या वर्षी गेली होती. 2009 मध्ये क्राकूफला तिच्या नव्या संग्रहाच्या वाचनाला स्तान्कोने ट्रंपेटची साथ केली होती. तेव्हा तो साथीदार होता आणि पुढे बसलेली होती ती.

एक संच सोडून दुसरा, दुसरा सोडून तिसरा: हे वापरून टाकून देणं नाही का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो गैर नाही. अमेरिकी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसवरही तो आरोप झाला. त्याने 1963 साली सतरा वर्षांच्या टोनी विल्यम्सला ड्रमवर बसवलं आणि पुढे दर काही वर्षांनी संच बदलले. स्तान्कोने वाट धरली ती माइल्सची. पण निकाल मुलांकडे बघून द्यावा. वाशिलेव्स्की, कुर्केविच आणि मिश्केविच स्तान्कोबरोबर असतानाच, 2005 मध्ये, त्यांच्या स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका ईसीएमने काढली. तिच्यात आइसलंडची पॉपगायिका ब्योर्क हिचं गाणं आहे. 2008 च्या ‘जॅन्युअरी’मध्ये प्रिन्सचं गाणं आहे आणि स्तान्कोच्या तारुण्यातली ‘बाल्लादिना’ ही रचनाही आहे, ट्रंपेटशिवाय, पियानोवर. तिघं आजही एकत्र वाजवतात. त्यांच्या वादनात स्तान्कोचं घराणं शोधायला गेलं तर हाती लागणार नाही. त्याची खास सरक, त्याची किंकाळी, काहीच त्यांनी उचललेलं नाही. एकमेकांसाठी थांबायचं किती, हे तेवढं त्याच्याकडचं. घराणं मागे न ठेवता शिष्य मागे ठेवणं आपल्याकडे कमीपणाचं मानतात. मला तो या गोष्टीतला सगळ्यात मोठा गुण वाटतो.

स्तान्को 29 जुलै 2018 रोजी वॉर्सात गेला, शहात्तर वर्षांचा होऊन. म्यूनिकच्या त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण ईसीएमने वीस वर्षांनी, 2024 मध्ये, ‘सप्टेंबर नाइट’ या नावाने काढलं आहे. जॅझची सवय नसेल तर त्याच्यापासूनच सुरुवात करावी. कोमेदा मागाहून ऐकला तरी चालेल, आणि कार्ल्याची ध्वनिमुद्रिका सापडली तर सर्वांत शेवटी. एकच विनंती आहे. ट्रंपेट थांबलं की आपला हात सवयीने पुढे ढकलायच्या बटणाकडे जातो. तेवढा आवरावा.